घरातल्या समुद्राचं पाणी: वाचकांचे प्रश्न

समुद्री माशांसाठी घरात खाऱ्या पाण्याची टाकी नव्याने मांडणाऱ्यांची जी पत्रं आली, त्यातली आठ इथे घेतली आहेत. सात इंदूरची, एक बडोद्याचं. हिशेब सोपा जावा म्हणून सगळ्या उत्तरांत टाकीचं एकच माप धरलं आहे: ३ फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. अशी टाकी काठोकाठ भरली तर १९१ लिटर. दगड, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली की पाणी उरतं साधारण १६० लिटर. तुमची टाकी लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात आकडे बदला. मात्र लिटर काचेच्या मापावरून काढू नका, भरताना बादल्या मोजा.

टाकी स्वयंपाकघरातल्या आरओच्या पाण्याने भरली, टीडीएस (लिटरमधले विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) ६५ येतो. दुसऱ्या आठवड्यापासून वाळूवर आणि काचेवर तपकिरी थर धरतोय. पुसला की दोन दिवसांत पुन्हा. आरओचं पाणी चालत नाही का? (सुदामानगर, इंदूर)

चालतं, पण तुमच्या मशीनच्या तोटीतून येतंय ते निव्वळ आरओचं पाणी नाही. पिण्याच्या पाण्याला चव राहावी म्हणून घरगुती मशीनमध्ये टीडीएस कंट्रोलर असतो. मेम्ब्रेनला (क्षार अडवणाऱ्या पडद्याला) वळसा घालून आलेलं थोडं पाणी तो शुद्ध पाण्यात मिसळतो. काही मशीनमध्ये त्यापुढे मिनरलचं कार्ट्रिजही असतं. माणसांना हे ठीक आहे, टाकीला नाही.

मशीनचं झाकण काढलं की मेम्ब्रेनच्या लांब नळकांड्यातून दोन बारीक नळ्या निघताना दिसतील, एक वाया जाणाऱ्या पाण्याची आणि दुसरी शुद्ध पाण्याची. शुद्ध पाण्याच्या नळीवर, कंट्रोलरच्या आधी, पाव इंची टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून घ्या. नेहमीचा आरओवाला हे काम दहा-पंधरा मिनिटांत करतो. त्या कॉकपुढे डीआय रेझिनचं (उरलेले क्षार धरून ठेवणाऱ्या मण्यांचं) कार्ट्रिज लावा. त्यातून बाहेर पडणाऱ्या डीआय पाण्याचा टीडीएस ० आला पाहिजे. १ आला तरी 'चालतंय' म्हणू नका.

इतका काटेकोरपणा सिलिकेटसाठी. तो तपकिरी थर म्हणजे डायटम, एक सूक्ष्म शेवाळ. त्यांचं कवच सिलिकाचं असतं, आणि बोरिंगच्या पाण्यात सिलिकेट भरपूर असू शकतं. गंमत अशी की सिलिकेटवर विद्युतभार फार कमी असतो. त्यामुळे रेझिन संपत आलं की सगळ्यात आधी तेच निसटतं आणि टीडीएस मोजणाऱ्या पेनला ते जवळजवळ दिसतच नाही. पेन १ किंवा २ दाखवू लागतं तोवर सिलिकेट टाकीत जाऊन पोचलेलं असतं. रंग बदलणारं रेझिन घेतलंत तर पाऊण कार्ट्रिज रंग बदलेपर्यंतच वापरा.

आणखी एक खाच. आरओ बंद असताना मेम्ब्रेनच्या दोन्ही बाजूंचे क्षार हळूहळू सारखे होत जातात. मशीन सुरू केल्यावर पहिलं लिटर-दोन लिटर पाणी म्हणूनच खराब येतं. घरगुती मशीन दिवसातून दहा वेळा चालू-बंद होतं, प्रत्येक वेळी हे पाणी रेझिनवर पडतं आणि रेझिन अकाली संपतं. टाकीचं पाणी आठवड्यातून एकदाच, सलग काढा. पहिलं दोन लिटर कुंड्यांना घाला. मेम्ब्रेनची तब्येतही पाहा. आत जाणारं पाणी ६०० आणि बाहेर येणारं ३० असेल तर ९५ टक्के क्षार अडताहेत, म्हणजे ठीक. तेच ६० झालं तर रेझिन निम्म्या दिवसांत संपेल. मेम्ब्रेन बदलणं स्वस्त पडेल. ज्यांच्याकडे नर्मदेची लाईनही आहे आणि बोरिंगही, त्यांनी दोन्ही पाणी पेनने मोजून कमी टीडीएसचं मशीनला द्यावं. नर्मदेच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते मेम्ब्रेन खातं, तेव्हा आधीचं कार्बन कार्ट्रिज वेळेवर बदला.

पासष्टने काय एवढं बिघडतं, असं वाटेल. टाकीतून रोज अडीच लिटर पाणी उडतं आणि तुम्ही तेवढं वरून घालता. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. महिन्याला ७५ लिटर गुणिले ६५ मिलिग्रॅम म्हणजे जवळपास ५ ग्रॅम; त्यात नायट्रेट, फॉस्फेट, सिलिकेट काय काय असेल ते सगळं टाकीतच. डायटम मात्र जिवावर घेऊ नका. नव्या टाकीत ते येतातच, आणि सिलिकेटचा पुरवठा बंद झाला की काही आठवड्यांत ओसरतात. काच पुसा, वाळू ढवळू नका.

समुद्राचंच मीठ हवं तर मिठागरातलं खडे मीठ का नको? टाकीचं मीठ फारच महाग आहे. (टिळकनगर, इंदूर)

मिठागरात समुद्राचं पाणी आटतं तेव्हा सगळे क्षार एकदम खाली बसत नाहीत. आधी कॅल्शियम कार्बोनेट बसतं, मग जिप्सम, मग सोडियम क्लोराइड. तेच आपलं खडे मीठ. मॅग्नेशियम, पोटॅशियम, ब्रोमाइड उरलेल्या कडवट पाण्यात राहतं आणि ते पाणी वेगळं काढतात. म्हणजे ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) समुद्रात साधारण १२९० पीपीएम (दहा लाखांतले भाग) मॅग्नेशियम, ४१० कॅल्शियम आणि ४०० पोटॅशियम असतं, ते खडे मिठात जवळपास नाहीच. सैंधवाचीही तीच गत.

साध्या मिठाचा टाकीच्या कामी एक उपयोग मात्र आहे, रिफ्रॅक्टोमीटर (प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं यंत्र) तपासायला. ३६.५ ग्रॅम कोरडं मीठ ९६३.५ ग्रॅम डीआय पाण्यात विरघळवा (पाणीही वजनानेच घ्या). हे द्रावण रिफ्रॅक्टोमीटरवर बरोबर ३५ पीपीटी दिसलं पाहिजे. काचेवर दोन-तीन थेंब टाका, झाकण एका कडेने हळू टेकवा म्हणजे बुडबुडा अडकत नाही, अर्धं मिनिट थांबा आणि खिडकीकडे धरून निळ्या-पांढऱ्याची रेघ कुठे पडते ते पाहा. रेघ ३५ वर नसेल तर वरचा स्क्रू फिरवून आणा. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळवणं पुरेसं नाही. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर दोन-तीन अंकांनी चुकतं, हे सर्रास आढळतं. हेलकावे खाणाऱ्या काट्याच्या प्लॅस्टिक हायड्रोमीटरवर विसंबू नका. काट्याला एक बुडबुडा चिकटला तरी आकडा वर जातो.

मीठ कालवताना आधी पाणी, मग मीठ. उलटं केलंत तर तळाशी इतका दाट खारट थर होतो की कॅल्शियम कार्बोनेट तिथेच साखळतं आणि पाणी दुधट राहतं. पाकिटातलं मीठ ओलावा धरून असतं, म्हणून लिटरला ३५ नव्हे तर ३६ ते ३८ ग्रॅम लागतं. १६ लिटरची बादली बदलायची तर ६०० ग्रॅम धरा, पंप लावून फिरवा, २५ अंशांवर आणा, मग मोजून कमीजास्त करा. पावसाळ्यात पाकीट उघडं राहिलं तर दगड होतो आणि असं मीठ पुढे पुरतं विरघळत नाही.

टाकी सायकल करतोय (मासे सोडण्याआधी अमोनिया संपवणारे जिवाणू वाढवतोय). अमोनियाच्या तीन मात्रा दिल्या. तेवीस दिवस झाले. अमोनिया ०, नायट्राइट किटच्या शेवटच्या रंगापलीकडे, नायट्रेट १००. पाणी बदलावं का? मात्रेसाठी नवसागर वापरला तर चालेल का? (राजेंद्रनगर, इंदूर)

आधी नवसागर. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच, तेव्हा विचार चुकीचा नाही. पण कल्हईसाठी मिळणारा नवसागर शुद्ध असेलच याची खात्री नसते, त्यात लोह आणि इतर धातू असू शकतात. प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. लहान बाटली कितीतरी महिने पुरते. १६० लिटरला १ ग्रॅम घातला की अमोनिया २ पीपीएम येतो. एक ग्रॅम अंदाजाने घालायचा नसतो. सराफ्यात वापरतात तसा छोटा डिजिटल काटा घ्या, पुढे तो रोज लागेल.

काही जण कोळंबी कुजवून अमोनिया करतात. होतो, पण किती ते कळत नाही आणि सोबत फॉस्फेटही भरतं. वास येतो तो वेगळाच.

आता तुमचे आकडे. २ पीपीएम अमोनियापासून जास्तीत जास्त ७.३ पीपीएम नायट्रेट होऊ शकतं. तीन मात्रांचं २२. मग १०० आलं कुठून? कुठूनच नाही. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग त्याचा रंग दाखवतं. पाण्यात नायट्राइट आधीच असेल तर किट फसतं आणि आकडा कैक पटींनी फुगवून दाखवतं. नायट्राइट शून्य होईपर्यंत नायट्रेटचं किट उघडूच नका. नायट्राइट खरोखर किती आहे हे पाहायचं असेल तर १ मिली टाकीचं पाणी ९ मिली डीआय पाण्यात मिसळून मोजा आणि येईल त्याला दहाने गुणा.

पाणी बदलू नका. चौथी मात्राही आत्ता देऊ नका. अमोनिया खाणारे जिवाणू आधी तयार होतात, नायट्राइट खाणारे मागाहून येतात. तुम्ही मात्रा देत राहिलात तर पहिले त्यांच्यापुढे नायट्राइटचा ढीग करत राहतात. या काळात अल्कलिनिटी (पाण्यातलं कार्बोनेट-बायकार्बोनेट; केएच म्हणतात ते हेच, मोजतात डीकेएचमध्ये) मात्र मोजा. अमोनियम क्लोराइडची २ पीपीएमची एक मात्रा पूर्ण नायट्रेट होईपर्यंत सुमारे ०.६५ डीकेएच खाते. तीन मात्रांनी जवळपास २ गेले. मीठ ८ चं असेल तर पाणी आत्ता ६ वर असणार. अल्कलिनिटी फार खाली गेली की जिवाणूंचं काम मंदावतं, आणि अनेक 'अडकलेल्या' टाक्यांमागे हेच कारण निघतं. कशी वाढवायची ते खाली दिलं आहे.

तापमान २६ ते २८, दिवे बंद, जिवाणू मारणारा यूव्ही दिवा बंद, पाण्याला हालचाल भरपूर. बाटलीतले जिवाणू घालायचे तर ते कसे आले ते पाहा. मे महिन्यात कुरिअरच्या गाडीत तीन दिवस तापलेल्या बाटलीत जिवंत काही उरलं असेल याचा भरवसा नाही.

सायकल झाली हे कसं ओळखायचं? १ ग्रॅमची मात्रा द्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य झाले की झाली. काही किटवर अमोनिया कधीच ० दिसत नाही, फिकट हिरवा ०.२५ राहतोच. शंका आली तर नुकत्याच कालवलेल्या खाऱ्या पाण्यावर तेच किट करा. तिथेही तोच हिरवा आला तर तो किटचा रंग. मासे सोडण्यापूर्वी तिसरा हिस्सा पाणी बदला. सुरुवातीला एक किंवा दोन मासे, आणि हात आखडता ठेवून खाणं. ८.२ पीएचला एकूण अमोनियातला सुमारे सात टक्के भाग विषारी रूपात असतो, ७.८ ला तीन टक्के. तेवढाच अमोनिया खाऱ्या टाकीत गोड्यापेक्षा जास्त बाधतो तो म्हणूनच. नायट्राइटचं उलटं आहे: समुद्राच्या पाण्यात क्लोराइड इतकं असतं की नायट्राइट माशाच्या रक्तात सहज शिरत नाही.

आरओचं पाणी तांब्याच्या हंड्यात भरून ठेवतो, त्यातूनच टाकीत घालतो. शुद्ध राहतं ना? (रामबाग, इंदूर)

आजच थांबवा. डीआयचं पाणी इतकं रिकामं असतं की तांबं सहज सोडवतं. खाऱ्या टाकीतली झिंगे, गोगलगाई यांना तांबं अब्जांशाच्या मापातसुद्धा बाधतं. पितळी तोटी, पितळी निपल, तांब्याची नळीही नको. अन्नासाठीचं प्लॅस्टिकचं पिंप घ्या, कधी साबण न लागलेलं. टाकीत आधीच गेलेल्यासाठी तांब्याचं किट करून पाहा, ताजा कार्बन आणि धातू ओढणारं रेझिन फिल्टरमध्ये ठेवा आणि झिंगे महिनाभर आणू नका.

केएच ५.५, कॅल्शियम ५००, मॅग्नेशियम ११५०. रोज सकाळी बफर (केएच वाढवणारं औषध) आणि कॅल्शियम क्लोराइड घालतो. पाणी दुधासारखं होतं, संध्याकाळी निवळतं, पण केएच हलत नाही. हीटरवर पांढरा खडबडीत थर आलाय. (स्कीम ७८, इंदूर)

तुम्ही रोज सकाळी टाकीत चुनखडी बनवताय. कॅल्शियम आणि कार्बोनेट जवळ जवळ दाट पडले की दोन्ही मिळून कॅल्शियम कार्बोनेट होतं, तेच ते दूध. संध्याकाळी निवळतं म्हणजे वाळूवर, पंपात आणि हीटरवर बसतं; हीटरवर जास्त, कारण गरम जागी ते आणखी कमी विरघळतं. या देवघेवीत २० पीपीएम कॅल्शियमबरोबर २.८ डीकेएच जातं. कॅल्शियमचा साठा ४०० च्या वर असल्याने त्याला ते जाणवत नाही, केएच मात्र भुईसपाट होतं.

मॅग्नेशियम कमी असल्याने हे आणखी सोपं झालं. चुनखडीचे बारीक कण वाढू लागले की मॅग्नेशियम त्यांच्या पृष्ठभागावर बसून वाढ अडवतं. ते पुरेसं असेल तर पाणी कॅल्शियम आणि कार्बोनेट दोन्ही एकाच वेळी धरून ठेवू शकतं.

पण काहीही घालण्याआधी खारेपणा मोजा, वर सांगितल्याप्रमाणे तपासलेल्या रिफ्रॅक्टोमीटरने. कारण १२९० चा आकडा ३५ पीपीटीचा आहे. पाणी ३१ वर असेल तर मॅग्नेशियम आपोआप ११४० च्या आसपास येईल, आणि मग दोष मॅग्नेशियमचा नसून मिठाचा आहे. तसं असेल तर फक्त खारेपणा दोन-तीन दिवसांत वर आणा, अर्धं दुखणं जाईल.

खारेपणा ३५ असेल तर असं करा. कॅल्शियम क्लोराइड पूर्ण बंद. ५०० खाली आणण्याचा उपाय करू नका, पाणी बदलताना उतरेल. पहिले चार दिवस फक्त मॅग्नेशियम: १५० पीपीएम वाढवायला २०० ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट लागेल, रोज ५० ग्रॅम, एक लिटर डीआय पाण्यात विरघळवून, पंपाच्या धारेत सावकाश. २०० ग्रॅमने खारेपणाही अर्ध्या पीपीटीहून थोडा जास्त वाढतो, तेव्हा शेवटी तो पुन्हा मोजा. पाचव्या दिवसापासून केएच. १०० लिटरला १ डीकेएच वाढवायला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा. तुमच्या १६० लिटरला ५.५ वरून ८ वर न्यायचं तर १२ ग्रॅम. ४-४ ग्रॅम तीन दिवस, दरवेळी अर्ध्या लिटर पाण्यात विरघळवून. दिवसाला एक-सव्वा डीकेएचपेक्षा जास्त उडी नको.

खाण्याचा सोडा म्हणजे फक्त सोडियम बायकार्बोनेट. बेकिंग पावडर नव्हे, तिच्यात स्टार्च आणि आम्ल असतं, बहुधा फॉस्फेटवालं. पोटासाठीचं फसफसणारं चूर्णही नव्हे. हे लिहावं लागतंय, कारण दोन्ही टाकीत पडलेली आहेत.

केएचचं किट करताना हात घाईत असतो, म्हणून थोडं सविस्तर. सिरिंजमध्ये द्रव ओढताना टोकाशी हवेचा कप्पा राहतो; तो राहू द्या, पण वाचताना काळ्या दट्ट्याची कडा वाचा, द्रवाची नाही. शेवटी शेवटी एकेक थेंब, प्रत्येक थेंबानंतर कुपी गोल हलवायची, पांढऱ्या कागदावर धरायची, दिवसाच्या उजेडात. पहिली गुलाबी झाक येऊन हलवल्यावर नाहीशी होते, ती नव्हे, टिकते ती. आणि रोज एकाच वेळी मोजा. लागोपाठ दोन दिवस काहीही न घालता केएच किती उतरलं हा तुमच्या टाकीचा खरा खर्च. नव्या टाकीत कॅल्शियम खाणारं जवळपास कोणीच नसतं, थोडी कोरलाईन शेवाळं असतील तेवढीच. हा खर्च नगण्य निघाला तर पुढे रोज काही घालायची गरजच नाही, आठवड्याला १६ लिटर पाणी बदलणं पुरतं.

हीटर बंद करून, गार झाल्यावर बाहेर काढा आणि निम्मं पांढरं व्हिनेगर, निम्मं पाणी यात तासभर बुडवा. पंपही तसाच. धुऊन मगच परत.

जानेवारीत पीएच सकाळी ७.७ आणि रात्री ७.९. दुकानातल्या माणसाने बफर दिलं, केएच १२ झालं तरी पीएच तिथेच. चुन्याची निवळी घालावी का? (विजयनगर, इंदूर)

टाकी ज्या खोलीत आहे तिथे थंडीमुळे खिडक्या बंद, चार माणसं झोपलेली, शेजारी गॅस. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढतो, पाण्यात उतरतो आणि पीएच खाली बसतो. बफरने तो हलत नाही. खाण्याच्या सोड्याने तर किंचित उतरतोच.

तपासणी सोपी आहे. टाकीतलं एक ग्लास पाणी घ्या, गच्चीवर नेऊन छोट्या एअर पंपाने तासभर हवा सोडा आणि पीएच मोजा. दुसरा ग्लास खोलीतच तसाच. बाहेरचा ८.१ आला आणि घरातला ७.८ वर राहिला तर दोष खोलीच्या हवेचा. मोजण्याआधी पीएचचं पेन ७ आणि १० च्या द्रावणांवर लावून घ्या. फक्त ७ वर लावलेलं पेन ८ पाशी चुकू शकतं.

उपाय हवेचाच. प्रोटीन स्किमरची (फेस करून मळ काढणाऱ्या यंत्राची) हवा ओढणारी नळी लांबवून खिडकीच्या जाळीबाहेर काढा, रात्रभर एक झडप बोटभर उघडी ठेवा. नुसत्या माशांच्या टाकीत ७.८ ते ८ सुद्धा चालतं, आकड्यामागे धावू नका.

चुन्याची निवळी हे चांगलं औषध आहे, पण तुमच्या रोगाचं नाही. लिटरभर पाण्यात जेमतेम दीड ग्रॅम चुना विरघळतो आणि त्या एका लिटरने १६० लिटरमध्ये ०.७ डीकेएच वाढतं. तुमचं आधीच १२ आहे. केएच ८ वर उतरल्यावर आणि रोजचा खर्च दिसू लागल्यावर विचार करा. तेव्हा शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइडच घ्या, पानाचा चुना नाही. वरचं निवळ पाणीच वापरा, गाळ नाही. रात्री थेंबाथेंबाने सोडा. निवळीचा पीएच १२ च्या वर असतो, एकदम ओतली तर मासे मरतात.

मे महिन्यात पाणी भराभर उडत होतं. रोज तीन लिटर खारं पाणी करून घालत होतो. आठवड्याच्या आत मासे धापा टाकू लागले. तापमान ३१. (अन्नपूर्णा रोड, इंदूर)

उडालं ते फक्त पाणी, मीठ नाही. तीन लिटर खाऱ्या पाण्यात १०५ ग्रॅम मीठ, म्हणजे १६० लिटरमध्ये रोज ०.६६ पीपीटीची भर. सहा दिवसांत ३५ चे ३९. वर ३१ अंशांचं पाणी. गरम आणि खारट पाण्यात प्राणवायू कमी मावतो, आणि इंदूर साडेपाचशे मीटर उंचीवर असल्याने समुद्रकाठच्या मानाने आणखी पाच-सहा टक्के कमी.

रोज ४ लिटर खारं पाणी काढून ४ लिटर डीआय पाणी घाला. एका दिवसाला जवळपास १ पीपीटी उतरेल. चार दिवसांत ३५. पुढे उडालेल्या पाण्याच्या बदल्यात कायम डीआयचंच पाणी, शक्यतो रोज, काचेवर मार्करने रेघ मारून त्या रेघेपर्यंत. चार दिवस गावाला जायचं तर १२ लिटर उडेल आणि खारेपणा ३७.८ वर जाईल, म्हणून पातळी उतरली की आपोआप पाणी घालणारा, फ्लोट स्विचचा छोटा ऑटो टॉपअप लावा. त्याच्या पिंपात १५ लिटरपेक्षा जास्त पाणी ठेवू नका. स्विच अडकला तर तेवढंच टाकीत पडेल.

थंडाव्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका वारा मारणारे दोन छोटे पंखे पुरतात. मालव्यातली मे महिन्याची हवा इतकी कोरडी असते की तीन-चार अंश सहज उतरतात. पण त्याच खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि पंख्यांचं काम मंदावतं. कूलर एका खोलीत, टाकी दुसऱ्या खोलीत बरी. पंख्यांनी पाणी आणखी उडतं, टॉपअप त्या हिशेबाने वाढवा. जुलैत पंखे लावून फरक दिसला नाही तर पंखे बिघडले असं समजू नका, हवाच ओली आहे. वीज जाते तेव्हा आपोआप सुरू होणारा बॅटरीचा एअर पंप ठेवा. उन्हाळ्यातल्या दुपारी तास-दोन तासांत प्राणवायूचा प्रश्न उभा राहतो.

द्वारका-ओख्याहून येताना ५० लिटर समुद्राचं पाणी आणि किनाऱ्यावरचे पांढरे प्रवाळाचे दगड आणावेत का? की खंभातच्या आखातातलं पाणी जवळ पडेल? (दांडिया बाजार, बडोदा)

दगड अजिबात नाहीत. कठीण प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि हे संरक्षण मेलेल्या, किनाऱ्यावर पडलेल्या तुकड्यालाही लागू होतं. जामनगरजवळचं कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान तर याच प्रवाळांसाठी राखलेलं आहे. टाकीसाठी खाणीतला कोरडा अॅरॅगोनाइट दगड किंवा भाजलेला सच्छिद्र सिरॅमिक दगड घ्या. दगड आठवडाभर खाऱ्या पाण्यात भिजवून त्या पाण्याचं फॉस्फेट मोजा. वाढलेलं दिसलं तर पाणी बदलून पुन्हा भिजवा.

खंभातचं पाणी विसरा. मही, नर्मदा, तापी, साबरमती सगळ्या तिथेच उतरतात. भरती-ओहोटीचा जोर प्रचंड, पाणी कायम गढूळ, आणि पावसाळ्यात खारेपणा किती असेल ते कोणी सांगावं.

ओख्याचं पाणी स्वच्छ असलं तरी बंद पिंपात दिवसभराच्या प्रवासात त्यातले सूक्ष्म जीव मरतात आणि बडोद्याला पोचेपर्यंत अमोनिया झालेला असतो. आणायचंच असेल तर बंदर आणि नदीमुखापासून दूर, भरतीच्या वेळी भरा, दाट कापडातून गाळा, घरी दोन-तीन आठवडे अंधारात झाकून ठेवा, मग वरचं पाणी नळीने काढून खारेपणा, अमोनिया आणि फॉस्फेट मोजा. एवढा खटाटोप ५० लिटरसाठी, आणि टाकी तर दर आठवड्याला पाणी मागते. बडोद्यात बसून दोन किलो मीठ डीआय पाण्यात कालवलं तरी तेवढंच पाणी तयार होतं.